तारखांची वही

माझ्या कोटाच्या आतल्या खिशातली डायरी हा एके काळी आमच्या घरातला मोठा मानाचा ग्रंथ होता. कोट धुवायला टाकायच्या वेळी आमच्या सौभाग्यवती ती डायरी अशी जपून बाहेर काढीत, की देवघरातल्या बाळकृष्णालाही हेवा वाटावा! मुलांना तिला हात लावायची बंदी होती. मुन्शीला तिच्यात डोकावायची बंदी होती. आणि खरं सांगायचं तर, या बंदीचा मला मनातून फार अभिमान वाटे. 'साहेबांना विचारल्याशिवाय तारीख सांगता येत नाही,' असं मुन्शी ओसरीवरच्या पक्षकाराला सांगू लागला, की आतल्या खोलीत खुर्चीवर बसलेला मी उगीचच जरा ताठ होई.

उमापूर हे आमचं गाव गेवराई तालुक्यातलं. बीड जिल्ह्याचा हा भाग कापसाचा. पण नुसत्या कापसावर सगळ्यांचं भागत नाही. दसरा-दिवाळी झाली, की कितीतरी घरांना कुलपं लागतात आणि माणसं बिऱ्हाडासकट ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. माझे बरेचसे पक्षकार यांतलेच. घराच्या पुढच्या ओसरीवर माझी कचेरी, आणि तालुक्याच्या कोर्टात रोजचं जाणं-येणं. कचेरीत माणसं तीन. एक मी, दुसरा नुकताच वकील झालेला माझा पुतण्या, आणि तिसरे आमचे मुन्शी, जे माझ्या नोकरीत केस पांढरे करून बसले आहेत.

माणसं तीन म्हणून तारखांच्या वह्याही तीन! माझी खिशातली डायरी. मुन्शींची लाल कापडात बांधलेली लांबलचक वही. आणि पुतण्याचा मोबाइल. तिघेही संध्याकाळी एकमेकांना तारखा सांगत असू. निदान सांगत असू अशी प्रत्येकाची समजूत होती.

या समजुतीचा फुगा दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत फुटला.

एका बाईंचा वाटणीचा दावा माझ्याकडे होता. बापाच्या जमिनीत आपला हिस्सा मागायला त्या उभ्या राहिल्या होत्या. नवरा वारलेला, एक मुलगा. दोघं मिळून ऊसतोडीला जात. दिवाळीनंतर निघताना त्या विचारायला आल्या, "जानेवारीच्या तारखंला येऊ का, साहेब?" मी मोठ्या दिलदारपणाने म्हणालो, "कशाला येता मावशी? तिकडून यायचं म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी बुडायची. मी आहे ना!"

ती तारीख मुन्शींच्या वहीत होती. माझ्या डायरीत मी ती चुकून पुढच्या आठवड्याच्या पानावर लिहिली होती. पुतण्याला वाटलं, हा दावा काका स्वतः पाहतात. त्या दिवशी मी बीडला जिल्हा कोर्टात होतो, पुतण्या दुसऱ्या कामात, आणि मुन्शी तापाने अंथरुणावर. कोर्टात पुकारा झाला. वादी नाही, वादीचा वकील नाही. दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला.

हल्ली कोर्टाची पुढची तारीख मोबाइलवर दिसते, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. ई-कोर्टच्या व्यवस्थेत प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा एक क्रमांक असतो. तो टाकला की तारीख समोर येते. मग मी का पाहिली नाही? माझ्या मते तारीख मला माहीत होती, म्हणून! जे आपल्याला ठाऊक आहे असं माणसाला वाटतं, ते तो पुन्हा कधी तपासून पाहत नाही.

असा काढून टाकलेला दावा पुन्हा दाखल करून घेण्याची सोय १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. त्यासाठी तीस दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो आणि गैरहजेरीचं सबळ कारण द्यावं लागतं. मी अर्ज केला. चूक माझी आहे असं त्यात स्वच्छ लिहिलं. विरुद्ध बाजूला द्यायचा खर्च माझ्या खिशातून भरला. पण शपथपत्रावर सही करायला बाईंना फडावरून यावंच लागलं. रात्रभर एस. टी.त बसून त्या सकाळी ओसरीवर आल्या. हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"साहेब, आमच्या टोळीत बारा कोयते हायेत. कुणाची उचल किती, कुणाचे खाडे किती, समदं मुकादमाच्या एका वहीत आसतंय. तुमी तर तिघंच. मग तीन वह्या कशाला?"

वकिली करताना मला पुष्कळांनी अडचणीचे प्रश्न विचारले आहेत. पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या वर्षी होळीला माझी मुलगी पुण्याहून घरी आली. ती संगणकाच्या क्षेत्रात नोकरीला आहे. हकीकत ऐकून ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला एक छोटासा सर्व्हर लावून देते. तिघांचं एकच कॅलेंडर. कुणीही तारीख लिहिली, की तिघांच्या फोनवर उमटेल."

सर्व्हर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर थंडगार खोलीतली कपाटाएवढी यंत्रं आली. मुलीने पर्समधून पानाच्या डब्याएवढी एक डबी काढली आणि टेबलावर ठेवली. "हा काय तुमचा सर्व्हर!" सौभाग्यवतींनी ती उचलून पाहिली आणि विचारलं, "यात सुपारी कुठं ठेवायची?"

"पण अशी कॅलेंडरं मोठ्या कंपन्या फुकट देतात म्हणे," मी शंका काढली.

"देतात. पण तुमच्या नोंदीत काय असतं? कुणाचा घटस्फोट, कुणाचं कर्ज, कुणाची तडजोड. ते दुसऱ्याच्या घरी ठेवायचं का, हे तुम्ही ठरवा."

हे मात्र मला पटलं. अशिलाची गोष्ट वकिलाने बाहेर फोडू नये, हा नियम १८७२ च्या साक्ष कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही तो आहे. तेव्हा तारखांची वही आपल्याच ओसरीवर असलेली बरी.

टपालाच्या बाबतीत मात्र मुलीने उलटा सल्ला दिला. ई-मेलचा सर्व्हर घरी ठेवायचा नाही! घरगुती जोडणीचा इंटरनेटवरचा पत्ता वरचेवर बदलतो. पुष्कळदा तर साऱ्या चाळीला एकच पत्ता असावा तशी अनेक घरं एका पत्त्यामागे असतात. अशा पत्त्यावरून निघालेलं पत्र मोठी टपालघरं संशयाने परत फिरवतात किंवा सरळ केराच्या टोपलीत टाकतात. म्हणून टपाल भाड्याच्या टपालघरात आणि वही आपल्या घरात, अशी वाटणी ठरली. वाटणीचे दावे चालवणाऱ्या माणसाला ती लगेच समजली.

आता बाहेरून घरातल्या डबीपर्यंत पोचायचं कसं? कोर्टाच्या आवारात उभ्या असलेल्या पुतण्याला आमच्या घराचं दार सापडणार नाही. त्यावर तोड अशी, की डबीनेच आतून बाहेर जाऊन मुंबईतल्या एका भाड्याच्या लहानशा यंत्राचा हात धरून ठेवायचा, आणि आमच्या फोनांनी त्या यंत्रामार्फत कुलूपबंद बोगद्यातून आत यायचं. किल्ल्या फक्त आमच्या तिघांजवळ. रॅडिकेल नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम मुलीने डबीत बसवला, आणि वही तयार झाली.

तिने मला नोंद उघडून दाखवली तेव्हा मी थक्क झालो. मला वाटलं होतं, आत काहीतरी गूढ लिपी असेल. पण ती साधी अक्षरं होती: इथे घटना सुरू, अमुक तारीख, अमुक मजकूर, इथे घटना समाप्त. कोणत्याही यंत्राला कळेल अशी ही लिहिण्याची पद्धत १९९८ साली ठरली, आणि अशी वही सर्व्हरवर ठेवून अनेकांनी वाचण्या-लिहिण्याची रीत २००७ साली. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. मी आणि पुतण्याने एकाच वेळी एकच नोंद बदलली, तर ज्याचा बदल आधी पोचला तो लागतो, आणि दुसऱ्याला सर्व्हर सांगतो, 'तुमच्याकडची प्रत जुनी आहे. आधी नवी वाचा, मग लिहा.' आमच्या संध्याकाळच्या गप्पांत हे एक वाक्य कुणी कधी म्हटलं असतं, तर तो जानेवारी टळला असता.

माझ्या आजोबांचं दप्तर अजून माळ्यावर आहे. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. कागदांवर साल फसली, महिने आजूर, दै, बहमन. १३५० फसली म्हणजे इंग्रजी १९४०-४१. घरात आजी चैत्र-वैशाख मोजी, शाळेत जानेवारी-फेब्रुवारी, आणि कचेरीत आजूर! स्वातंत्र्यानंतर साऱ्या देशाचाच हा गोंधळ निस्तरण्यासाठी १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि २२ मार्च १९५७ पासून भारताचं राष्ट्रीय कॅलेंडर सुरू झालं. आजही राजपत्रावर ती तारीख छापली जाते. पण वाचकहो, आज त्या कॅलेंडराप्रमाणे कोणती तारीख आहे, हे तुमच्यापैकी किती जण सांगू शकतील? सर्वांसाठी एक वही करणं सोपं. सर्वांनी तीच उघडणं कठीण. हे मला पुढे चांगलंच कळणार होतं.

पहिली गंमत झाली ती वेळेची. पुतण्याच्या जुन्या नोंदी वहीत ओतल्या, तेव्हा सकाळी अकराच्या सगळ्या तारखा दुपारी साडेचारला दिसू लागल्या! कोर्ट उठायच्या वेळेला आमचे सगळे पुकारे! मुन्शी म्हणाले, "साहेब, अशी तारीख मिळाली तर दुपारची झोप तरी होईल." कारण निघालं ते असं, की त्या नोंदी ग्रीनिचच्या वेळेच्या समजून घेतल्या गेल्या होत्या, आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. मुलीने पुण्याहूनच ते दुरुस्त केलं.

दुसऱ्या प्रसंगाला मात्र गंमत म्हणवत नाही. ओसरीवर एक जुना पडदा टांगून त्यावर 'आजच्या तारखा' दिसतील अशी सोय केली होती. मे महिन्यात एका रात्री वळवाचा पाऊस झाला. नऊ वाजता वीज गेली ती पहाटे आली. इंटरनेटही बंद होतं. घरात इन्व्हर्टर आहे. पण त्यावर दिवे-पंखे, डबी दुसऱ्याच प्लगवर! सकाळी पडद्यावर तारखा दिसत होत्या. मुन्शींनी त्याप्रमाणे कागद पिशवीत भरले. मी कोट चढवला. इतक्यात सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या,

"अहो, हे कालचं आहे."

"तुला काय ठाऊक?"

"काल दूध दीड लिटर घेतलं होतं. आज एकच. हे बघा."

त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाचे आकडे मांडलेले असतात. आम्ही पाहिलं, आणि खरोखरच पडदा कालची तारीख दाखवीत होता. मुलीला फोन केला. ती हसली आणि म्हणाली, "त्या डबीत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, बाबा. वीज गेली की तिची वेळ तिथेच थांबते. वीज आली की शेवटची टिपून ठेवलेली वेळ धरून ती पुढे चालू लागते. मग इंटरनेटवरच्या घड्याळांना विचारून चूक सुधारते. रात्री इंटरनेटच नव्हतं, तर विचारणार कुणाला?"

साऱ्या कचेरीला तारखा सांगणाऱ्या यंत्राला आजची तारीख ठाऊक नाही! मी त्या डबीवर मनसोक्त तोंडसुख घेतलं. थोड्या दिवसांनी मुलीने नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारं एक चिमुकलं घड्याळ पाठवलं. ते डबीत बसलं, डबी इन्व्हर्टरवर गेली, आणि रोज रात्री वहीची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि दुसरी, कुलूप लावून, पुण्याला मुलीच्या घरी जाऊ लागली. डबीचं विस्मरण असं बरं झालं.

माझं झालं नव्हतं.

कारण माझी डायरी अजून माझ्या खिशातच होती. मी शहाण्यासारखा सर्व्हरवर लिहीत असे. पण आधी डायरीत, आणि मग 'सवडीने' तिकडे. जूनमध्ये शेवगावला एका लग्नात विरुद्ध बाजूचे वकील भेटले. एका जुन्या प्रकरणात तडजोडीची बोलणी करायची ठरली, शनिवारी, त्यांच्याकडे. मी ते डायरीत लिहिलं आणि जेवायला बसलो. इकडे पुतण्याने पाहिलं, काकांचा शनिवार मोकळा आहे. त्याने त्या बाईंना बोलावलं. दावा पुन्हा सुरू झाला होता, त्यांच्या साक्षीचं शपथपत्र तयार करायचं होतं, आणि हकीकत मीच विचारावी असं ठरलेलं होतं.

मी शेवगावहून परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बाई ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. सकाळी दहापासून. सौभाग्यवतींनी जेवायला वाढलं होतं, पुतण्याने शपथपत्राचा जमेल तेवढा भाग लिहून घेतला होता. मला पाहून त्या उठून उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. सौभाग्यवतीही काही बोलल्या नाहीत. आणि त्यांचं न बोलणं म्हणजे काय असतं, ते मीच जाणे.

मी कोट काढला. आतल्या खिशातली डायरी काढून पुतण्यासमोर ठेवली आणि म्हणालो, "वाच, आणि सगळं चढव."

बाईंचं शपथपत्र पुरं करून त्यांना पुतण्याने मोटारसायकलवरून घरी सोडलं. मग आम्ही बसलो. मी वाचायचं, त्याने लिहायचं, मुन्शींनी आपल्या वहीशी ताडून पाहायचं. रात्री बारा वाजले. माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नाहीत अशा नऊ तारखा निघाल्या. त्यांतल्या दोन ठिकाणचं अक्षर तर मलाही लागेना! मुन्शी चष्मा पुसत म्हणाले, "साहेब, तुम्हाला काही झालं असतं, म्हणजे आजारी वगैरे, तर या नऊ जणांनी कुणाला विचारायचं होतं?"

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. माणसं माझ्यापाशी आपली जमीन, आपलं घर, आपली इभ्रत ठेवून जात होती, आणि मी ते सारं एका खिशात घेऊन मोटारसायकलवरून हिंडत होतो. का? तर ओसरीवर कुणीतरी 'साहेबांना विचारा' म्हणावं म्हणून! त्या चिमुकल्या डबीला स्वतःला घड्याळ नाही हे निदान ठाऊक होतं. वीज आली की ती आधी दुसऱ्यांना विचारीत होती. मला इतक्या वर्षांत तेवढंही सुचलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मुन्शींनी आपली लाल वही नेहमीप्रमाणे चौरंगावर ठेवली. वही त्यांनी सोडलेली नाही. पण आता ते डबीतलं पाहून तिच्यात उतरवून घेतात. वहीशेजारी सौभाग्यवतींनी डबीही ठेवली, तार न काढता, आणि वर हळदकुंकवाचं बोट लावलं. मुलगी ओरडली, "आई, भोकांत कुंकू जाऊ देऊ नकोस!"

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या. टोळी दोन दिवसांत निघणार होती. या वेळी बरोबर मुलगा होता, आणि त्याच्या हातात मोबाइल. पुतण्याने त्यांच्या पुढच्या तारखेचं निमंत्रण मुलाच्या ई-मेलवर पाठवलं. अशा निमंत्रणाला तीन उत्तरं देता येतात: येणार, येणार नाही, आणि कदाचित. आमच्या भागात 'नाही' कुणी तोंडावर म्हणत नाही; सगळा कारभार 'बघू' वर चालतो. तेव्हा तिसरं उत्तर कुणी शोधून काढलं, तो माणूस आमच्याकडचाच असावा असा मला संशय आहे.

मुलाने 'येणार' वर बोट ठेवलं. पुतण्याच्या पडद्यावर त्याच्या नावापुढे खूण उमटली. बाई वाकून पाहत होत्या. त्यांना वाचता येत नाही, त्यांनी मुलाला विचारलं, "कुणाकुणाची नावं हायेत?"

"माझं हाय. मुन्शीकाकांचं हाय. धाकल्या वकिलांचं हाय. साहेबांचं हाय."

"समद्यांपुढं खूण हाय का?"

मुलगा जरा घुटमळला. मग म्हणाला, "साहेबांच्या नावापुढं न्हाई."

ओसरीवर शांतता झाली. मुन्शी वहीत डोकं खुपसून बसले. माझा मोबाइल कोटाच्या त्याच आतल्या खिशात होता. मी तो काढला, चष्मा लावला, निमंत्रण शोधलं, आणि बाईंच्या डोळ्यांदेखत 'येणार' वर बोट ठेवलं.

बाईंनी मुलाकडे पाहिलं. त्याने पडदा पाहून मान हलवली. तेव्हा कुठे त्यांनी पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "येते, साहेब. ह्या बारीला मी बी येनार हाय तारखंला."

"या मावशी," मी म्हणालो. "जरूर या."